खंडौष्ठ व खंडतालू : आनुवंशिक कारणांच्या शोधाचा इतिहास

वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला असणे यास खंडौष्ठ आणि तोंडाचे छत म्हणजे टाळू दुभंगलेली असणे यास खंडतालू म्हणतात. ही दोन्ही व्यंगे एकत्र अथवा स्वतंत्रपणे आढळतात. जगात सर्वसाधारणपणे सु. ७०० जन्मांमागे एक व भारतात सु. १,००० जन्मांमागे एक बालक यांपैकी कोणते तरी व्यंग घेऊन जन्मास येते. ओठाचे व्यंग मुलांत मुलींपेक्षा अधिक, तर केवळ टाळूचे व्यंग मुलींत अधिक आढळते. एकाच बाजूचा ओठ दुभंगलेला असेल, तर ती बाजू बहुधा डावी असते. याचे कारण अद्याप समाधानकारकपणे सांगता आलेले नाही.

मानवी भ्रूणाचा चेहरा अनेक उंचवट्यांच्या सांधणीतून घडतो. गर्भधारणेनंतर चौथ्या ते सातव्या आठवड्यांच्या दरम्यान नाकाकडून खाली येणारे उंचवटे व दोन्ही गालांकडून पुढे येणारे उंचवटे एकमेकांस मिळून वरचा ओठ तयार होतो. टाळूचे दोन पडदे प्रथम जिभेच्या दोहो बाजूंस उभे लोंबत असतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास ते वर उचलले जाऊन आडवे होतात व बाराव्या आठवड्यापर्यंत मध्यरेषेवर जुळतात. या कामात कोठेही विलंब झाला किंवा स्पर्श झालेल्या कडांवरील पेशींचा थर वेळेवर नाहीसा झाला नाही, तर फट तशीच राहते. म्हणजे पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर असल्याची खात्री पटते न पटते तोच ओठाचे भवितव्य ठरून गेलेले असते. हा कालक्रम ध्यानात ठेवल्यास पुढे येणाऱ्या अनेक समजुतींची वासलात आपोआप लागते.

प्राचीन विचार : ‘खंडौष्ठ’ ही संज्ञा नवी नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात मुखरोगांच्या प्रकरणात ती आली असून वातामुळे ओठ द्विधा होतो, असे तेथे कारण दिले आहे. उपचार सांगताना फाटलेल्या कडा खरवडून शिवाव्यात व पुढे व्रणाप्रमाणे काळजी घ्यावी, असा निर्देश आहे. शस्त्रक्रियेचे मूळ तत्त्व आजही हेच आहे. चरकसंहितेत व्यंगांच्या कारणांचा विचार अधिक व्यापक आहे. बीजाचा जो भाग दूषित होतो त्यापासून होणारा अवयव विकृत होतो, ही त्यातील कल्पना वाचताना आधुनिक वाचकास जनुकाची (आनुवंशिक लक्षणे पुढील पिढीत नेणाऱ्या घटकाची) आठवण झाल्यावाचून राहत नाही. तथापि हे साम्य दुरून दिसणारे आहे. चरकाचा बीजभाग व गुणसूत्रावरील जनुक यांना एकच मानणे योग्य ठरणार नाही.

लोकसमजुतीने मात्र दुसरी वाट धरली. गर्भिणीची इच्छा अपुरी राहिली तर मूल व्यंग घेऊन येते, हा सुश्रुतसंहितेतील विचार डोहाळ्यांच्या रूपाने महाराष्ट्रात घरोघर पोहोचला. त्याच्या जोडीला ग्रहणाचा समज आला. ग्रहणकाळात गरोदर स्त्रीने विळीवर काही चिरले वा सुईने काही शिवले, तर मुलाचा ओठ चिरलेला निघतो, असे कोकणात व देशावर सारखेच मानले जात असे, आजही काही घरांत मानले जाते. या समजुतीमुळे दोष अचूकपणे आईच्या माथी येतो. शिवाय तो खोटा ठरविणेही अवघड जाते, कारण नऊ महिन्यांत एखादे तरी ग्रहण पंचांगात सापडते आणि त्या दिवशी काहीच चिरले नाही असे शपथेवर कोण सांगणार? व्यंग पित्याच्या घराण्यात दोन पिढ्या आधी होऊन गेलेले असले, तरी त्याची आठवण सहसा काढली जात नसे. आनुवंशिक कारणांच्या शोधाचे सामाजिक महत्त्व येथून सुरू होते.

यूरोपातील प्रारंभ : एकाच कुटुंबात अनेकांची टाळू दुभंगलेली असल्याची नोंद जर्मन वैद्य क्रिस्टोफ याकोप ट्रेव यांनी १७५७ मध्ये केली. ओठाचे व्यंग आनुवंशिक असल्याविषयीचे स्प्रौल यांचे टिपण १८६३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अशा नोंदी पुढे पुष्कळ जमल्या, परंतु त्यांत एक अंगभूत दोष होता. ज्या घरात चारपाच व्यंगी माणसे असत त्या घराची हकीकत छापली जाई, ज्या घरात एकच मूल तसे असे त्याची दखल कोणी घेत नसे. लंडन येथील गॉल्टन प्रयोगशाळेने कार्ल पिअर्सन यांच्या संपादकत्वाखाली मानवी आनुवंशिकतेचा जो संग्रह प्रसिद्ध केला त्यात रिशबीथ यांनी १९१० च्या सुमारास खंडौष्ठ व खंडतालू यांच्या वंशावळी एकत्र केल्या. त्या पाहिल्या म्हणजे मेंडेल यांचे नियम येथे सरळपणे लागू पडत नाहीत, हे स्पष्ट दिसते. व्यंग एका पिढीत दिसते, दोन पिढ्या लुप्त होते आणि एखाद्या चुलत नातवात पुन्हा डोके वर काढते.

या गोंधळात पहिली व्यवस्था डेन्मार्कमधील शल्यचिकित्सक पाउल फोग-आंदर्सन यांनी आणली. त्यांचा प्रबंध १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी सु. ७०० रुग्णांच्या कुटुंबांची माहिती जमविली आणि विशेष म्हणजे उल्लेखनीय कुटुंबे निवडून न घेता शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या रुग्णांपासून शोधाला सुरुवात केली. त्यातून असे दिसून आले की, ज्याचा ओठ (टाळूसह अथवा टाळूविना) दुभंगलेला आहे त्याच्या नातलगांत ओठाचेच व्यंग अधिक असते, केवळ टाळूचे नव्हे. तसेच केवळ टाळू दुभंगलेल्या रुग्णाच्या नातलगांत ओठाचे व्यंग वाढलेले नसते. अर्थात वरवर एकाच प्रकारची दिसणारी ही दोन व्यंगे आनुवंशिक दृष्ट्या वेगळी आहेत. पुढील सर्व संशोधन या भेदावर उभे आहे.

महाराष्ट्रात या भेदाशी जुळणारे वर्गीकरण शस्त्रक्रियेच्या गरजेतून आले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्लॅस्टिक शस्त्रक्रियेचा विभाग उभारणारे सी. बालकृष्णन यांनी १९७५ मध्ये मांडलेले वर्गीकरण ‘नागपूर वर्गीकरण’ या नावाने ओळखले जाते. त्यात ओठाचे व्यंग पहिल्या गटात, केवळ टाळूचे दुसऱ्या गटात आणि ओठ, हिरडी व टाळू या सर्वांतून जाणारी फट तिसऱ्या गटात घातली आहे. आनुवंशिकीच्या अभ्यासकाने पहिला व तिसरा गट एकत्र करून दुसरा वेगळा ठेवला की, फोग-आंदर्सन यांची विभागणी मिळते. भारतातील अनेक रुग्णालयांच्या जुन्या कागदपत्रांचा उपयोग संशोधनासाठी करता येतो, याचे काही श्रेय या सुटसुटीत पद्धतीला द्यावे लागेल.

उंबरठ्याची कल्पना : आईवडील निर्व्यंग असताना एक मूल खंडौष्ठ घेऊन जन्मले, तर त्यानंतरच्या भावंडास तेच व्यंग असण्याची शक्यता सु. ४ टक्के असते. जनुक प्रभावी असता तर एका व्यंगी पालकाच्या मुलांत हे प्रमाण ५० टक्के, आणि अप्रभावी असता तर निर्व्यंग पालकांच्या मुलांत २५ टक्के भरावयास हवे होते. चार टक्के हा आकडा दोहोंपैकी कशातही बसत नाही, पण सर्वसामान्य प्रमाणाशी तुलना करता तो तीसचाळीस पट आहे. म्हणजे आनुवंशिकता नाही असेही म्हणता येत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आणखी उलगडा झाला. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकी एकास व्यंग असल्यास दुसऱ्यासही ते असण्याचे प्रमाण सु. ४० ते ६० टक्के, तर दोन बीजांपासून झालेल्या जुळ्यांत ते साध्या भावंडांइतकेच, म्हणजे सु. ३ ते ५ टक्के आढळले. एकबीज जुळ्यांचे प्रमाण शंभर टक्के भरत नाही, यावरून जनुकांखेरीज गर्भाशयातील परिस्थिती व निव्वळ योगायोग यांनाही वाव आहे, हे उघड होते. दुसऱ्या बाजूने, काका, मामा, आत्या, मावशी यांच्यापर्यंत गेले की प्रमाण एका टक्क्याच्याही खाली येते. एकाच जनुकाचा परिणाम असता तर नाते एका पायरीने दूर गेल्यावर वाढीव धोका साधारण निम्मा झाला असता. येथे तो त्याहून पुष्कळ वेगाने घसरतो. अनेक जनुके एकत्र आल्यावरच व्यंग घडते, असे यावरून अनुमान निघते.

या अनुमानाला गणिती रूप डी. एस. फाल्कनर यांनी १९६५ मध्ये दिले आणि जन्मजात विकृतींच्या संदर्भात लंडनचे सेड्रिक कार्टर यांनी त्याचा पाठपुरावा केला. कोकणातील खाजण जमिनीचा दाखला येथे उपयोगी पडेल. खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून खारबांध घातलेला असतो. उधाणाची भरती, पावसाचा लोंढा, वाऱ्याचा रेटा यांपैकी एकट्याने बांध ओलांडला जात नाही. ते सर्व एका वेळी आले म्हणजे पाणी आत येते. पाण्याची पातळी इंचाइंचाने वाढते, शेत मात्र एक तर कोरडे असते, नाही तर बुडालेले. त्याचप्रमाणे व्यंगाकडे असलेला कल थोडाथोडा करून वाढतो, परंतु ओठ जुळतो किंवा जुळत नाही. ज्या घरात दोन मुले व्यंगी आहेत तेथील पाणी मुळातच चढलेले असले पाहिजे, म्हणून तिसऱ्या अपत्याच्या बाबतीत धोका सु. ९ टक्क्यांपर्यंत वाढतो. दोन्ही बाजूंचा ओठ व टाळू दुभंगलेल्या मुलाच्या भावंडांना एका बाजूचा ओठ दुभंगलेल्या मुलाच्या भावंडांपेक्षा धोका अधिक असतो, याचेही स्पष्टीकरण या कल्पनेने मिळते.

याच सुमारास प्राण्यांवरील प्रयोगांनी पर्यावरण व जनुके यांचा परस्परसंबंध दाखवून दिला होता. कॅनडातील मगिल विद्यापीठात एफ. क्लार्क फ्रेझर व त्यांचे सहकारी यांनी १९५० च्या सुमारास गाभण उंदीर-माद्यांना कॉर्टिसोन टोचले, तेव्हा पिलांच्या टाळू दुभंगल्या. मात्र एकाच मात्रेने एका वाणाची बहुतेक पिले व्यंगी निघाली, तर दुसऱ्या वाणाची फारच थोडी. औषध तेच, बांधाची उंची निराळी. माणसात अपस्मारावरील काही औषधे, मद्य व धूम्रपान यांचा संबंध पुढे दाखविला गेला. फॉलिक अम्लाचा उपयोग मज्जारज्जूच्या विकृती टाळण्यास होतो हे सिद्ध आहे, खंडौष्ठाबाबत मात्र पुरावा तितका निःसंदिग्ध नाही.

मुंबईतील पाहण्या : जागतिक आरोग्य संघटनेने चोवीस केंद्रांत सु. चार लाख जन्मांची पाहणी केली व ए. सी. स्टीव्हन्सन आणि सहकारी यांनी तिचा अहवाल १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. या केंद्रांत मुंबईचा समावेश होता. त्यानंतर मास्टर-नोतानी, कोलाह व एल. डी. संघवी यांनी मुंबईतील नवजात बालकांच्या जन्मजात विकृतींविषयीचे निष्कर्ष १९६८ मध्ये दोन भागांत मांडले. संघवी यांचे यापूर्वीचे एक काम येथे विशेष नमूद करण्याजोगे आहे. वर्दे व मास्टर यांच्यासह त्यांनी १९५६ मध्ये मुंबईतील बारा अंतर्विवाही गटांत रक्ताच्या नात्यातील विवाहांचे प्रमाण किती, याचा लेखाजोखा प्रसिद्ध केला. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक जातींत रूढ होती, काही जातींत ती निषिद्ध मानली जाई, तर मुसलमान समाजात चुलत भावंडांतील विवाहासही मुभा होती. त्यामुळे एकाच शहरात, एकाच हवापाण्यात, विवाहपद्धतीचे अनेक नमुने शेजारी शेजारी नांदताना मिळत. आनुवंशिकीच्या अभ्यासकाला याहून सोयीचे क्षेत्र क्वचितच लाभते. इरावती कर्वे यांनी आप्तसंबंधांच्या रचनेवर १९५३ मध्ये लिहिलेला ग्रंथ समाजशास्त्राचा म्हणून वाचला जातो, परंतु वंशावळी मांडणाऱ्या वैद्यालाही त्यावाचून भागत नाही. नात्यातील विवाहाने अप्रभावी जनुकांची जोडी जुळण्याची शक्यता वाढते, हे निश्चित आहे. खंडौष्ठाच्या बाबतीत मात्र काही पाहण्यांत असा धोका वाढलेला दिसला, तर काहींत दिसला नाही. बहुघटकी व्यंगाकडून अपेक्षाही अशाच धूसर चित्राची असते.

कुटुंबाचा शोध : प्रत्यक्षात असा शोध कसा घेतला जातो, हे एखाद्या कोकणी गावाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यातील नाटे हे जैतापूर खाडीच्या परिसरातील गाव यशवंतगडासाठी प्रसिद्ध असून लगतचे साखरी नाटे हे मच्छीमारीचे बंदर आहे. कोकणातील इतर गावांप्रमाणे येथील घराणीही दुहेरी नांदतात. एक शाखा गावात, दुसरी मुंबईच्या चाळीत. लेकी आसपासच्या गावांत दिलेल्या असतात आणि त्यांची मुले दुसऱ्या आडनावाने ओळखली जातात. त्यामुळे घराण्याच्या पुरुषशाखेची वंशावळ मागताच मिळते, पण आत्यांची व पणत्यांची शाखा त्यात नसते. जनुके तर दोन्हीकडून सारखीच उतरतात. म्हणून संशोधकाला म्हाताऱ्या स्त्रियांकडे बसून हरवलेल्या शाखा जुळवाव्या लागतात. तान्हेपणी गेलेल्या मुलांविषयी विचारणे त्यात सर्वांत कठीण असते. टाळू दुभंगलेल्या अर्भकास अंगावर नीट पिता येत नाही, आणि पूर्वी अशी मुले महिन्यादोन महिन्यांत दगावत. ‘दूध ओढत नव्हते’ एवढीच त्यांची आठवण घरात उरलेली असते. तेवढ्या शब्दांवरून व्यंग होते असे धरता येत नाही, आणि नव्हते असेही नाही. भाषेचीही एक अडचण आहे. मराठीत टाळू म्हणजे तोंडाचे छत आणि टाळू म्हणजे तान्ह्या मुलाच्या डोक्यावरील मऊ भाग. ‘टाळू भरली नव्हती’ असे उत्तर आले, तर कोणत्या टाळूविषयी ते आहे, हे बोट ठेवून विचारावे लागते.

यानंतर तपासणी येते. पडजीभ दोन टोकांची आहे काय, टाळूचे आवरण अखंड असून आतील स्नायू तेवढे न जुळलेले आहेत काय, बोलणे गेंगाणे आहे काय, खालच्या ओठावर मध्यरेषेच्या दोहो बाजूंस बारीक खळगे आहेत काय, दात कमी आहेत काय, हे निर्व्यंग नातलगांतही पाहिले जाते. स्वतःस निर्व्यंग समजणारी एखादी आजी अशा तपासणीत त्या जनुकाची वाहक ठरते. रक्त वा लाळेचा नमुना घेण्याचे काम यापुढचे व तुलनेने सोपे.

खालच्या ओठावरील खळग्यांचे महत्त्व १९५४ मध्ये ॲन व्हान डर वूड यांनी पुढे आणले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लक्षणसमूहात हे खळगे व दुभंगलेला ओठ किंवा टाळू एकाच कुटुंबात प्रभावी पद्धतीने उतरतात. कोणाला केवळ खळगे असतात, कोणाला केवळ टाळूचे व्यंग, कोणाला सर्व काही. फोग-आंदर्सन यांचा भेद येथे मोडतो. म्हणून एका भावाचा ओठ व दुसऱ्याची केवळ टाळू दुभंगलेली असेल, तर अनुभवी वैद्य प्रथम आईबापांचा खालचा ओठ पाहतो. हे जनुक पहिल्या गुणसूत्रावर असल्याचे १९९० मध्ये दिसून आले आणि २००२ मध्ये ते आयआरएफ६ असल्याचे निश्चित झाले. त्या निश्चितीला एका जुळ्या जोडीची मोलाची मदत झाली. एकबीज असूनही त्यांपैकी एकास लक्षणसमूह होता, दुसऱ्यास नव्हता. व्यंगी भावंडाच्या या जनुकात सापडलेले उत्परिवर्तन दुसऱ्यात नव्हते. जुळी वेगळी झाल्यानंतर झालेला तो बदल जणू निसर्गानेच केलेला प्रयोग होता. याच जनुकातील सौम्य फरक कोणताही लक्षणसमूह नसलेल्या सामान्य खंडौष्ठातही धोका वाढवितात, असे २००४ मध्ये दाखविण्यात आले.

एका मोठ्या कुटुंबावरून जनुक शोधण्याची आणखी काही उदाहरणे प्रसिद्ध आहेत. आइसलँडमधील एका विस्तृत घराण्यात खंडतालू क्ष-गुणसूत्रामार्फत उतरत असल्याचे १९८७ मध्ये सिद्ध झाले. त्यामागील टीबीएक्स२२ हे जनुक हाती लागावयास २००१ साल उजाडले. व्हेनेझुएलाच्या मार्गारिता बेटावर त्वचा, केस व दात यांच्या दोषांसह येणाऱ्या खंडौष्ठाचे अप्रभावी जनुक २००० मध्ये सापडले. एवढ्याशा बेटावर त्याचे वाहक इतके अधिक का, या प्रश्नावर एक मनोवेधक तर्क मांडण्यात आला. हे जनुक ज्या प्रथिनाची आज्ञा देते त्याच्या आधारे नागीण वर्गातील विषाणू पेशीत शिरतो. तेव्हा सदोष प्रत बाळगणाऱ्यास त्या रोगापासून काहीसे संरक्षण मिळत असावे. तर्क अजून तर्कच आहे. हॉलंडमधील एका कुटुंबात दात कमी असणे व ओठ-टाळू दुभंगणे ही दोन्ही लक्षणे एमएसएक्स१ या जनुकातील बदलाशी निगडित असल्याचे त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

हे यश मुख्यतः लक्षणसमूहांच्या बाबतीत मिळाले. इतर कोणतेही व्यंग नसलेल्या, म्हणजे बहुसंख्य, खंडौष्ठाचे कोडे तसेच राहिले. टीजीएफ-आल्फा या जनुकाशी त्याचा संबंध असल्याचे आयोवा येथील संशोधकांनी १९८९ मध्ये जाहीर केले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. नंतरच्या पाहण्यांत कधी हा संबंध दिसला, कधी दिसला नाही. भारतीय कुटुंबे या टप्प्यावर प्रथमच जागतिक चर्चेत आली. मद्रासमधील कुटुंबांचे आनुवंशिक विश्लेषण १९९२ मध्ये आणि पश्चिम बंगालमधील कुटुंबांचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. बंगालच्या अभ्यासात ए. के. रे, एल. एल. फील्ड व मेरी मॅराझिटा यांना एका प्रमुख जनुकाच्या अस्तित्वाचा पुरावा दिसला. पुढे त्याच प्रदेशातील कुटुंबांवरून टीजीएफ-आल्फा हे स्वतः कारण नसून दुसऱ्या कारणाचा परिणाम कमीजास्त करणारे जनुक असावे, अशी शक्यता मांडण्यात आली. अनेक लहान जनुके की थोडी मोठी, हा वाद त्या दशकात रंगला होता. उंबरठ्याच्या कल्पनेचे कडवे समर्थक व प्रमुख जनुकाचे पुरस्कर्ते या दोघांनाही पुढील काळाने थोडेथोडे खरे ठरविले.

संपूर्ण जनुकसंच चाळून पाहण्याची तंत्रे स्वस्त झाल्यावर कुटुंबाऐवजी हजारो रुग्णांची तुलना हजारो निर्व्यंग व्यक्तींशी करता येऊ लागली. जर्मनीतील बॉन येथील गटाने २००९ मध्ये आठव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरील एक जागा दाखवून दिली. आश्चर्य असे की, त्या जागी कोणतेच जनुक नव्हते. तेथून बऱ्याच अंतरावरील जनुकाचे काम केव्हा व किती चालावे हे ठरविणारे भाग तेथे आहेत, हे २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी दिसून आले. २०१० मध्ये टेरी बीटी व सहकारी यांनी मूल, आई व वडील अशा त्रिकुटांच्या नमुन्यांवरून आणखी दोन जागा शोधल्या. त्यांचा प्रभाव आशियाई कुटुंबांत अधिक, तर आठव्या गुणसूत्रावरील जागेचा यूरोपीय कुटुंबांत अधिक ठळक होता. आतापर्यंत अशा चाळीसांहून अधिक जागा निश्चित झाल्या आहेत. प्रत्येकीचा वाटा अल्प असून सर्व मिळूनही आनुवंशिकतेचा बराच भाग अस्पष्टच राहतो. या मोठ्या अभ्यासांत भारतीय कुटुंबांचे प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने फारच तोकडे राहिले, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रारण आणि व्यंग : नाटे येथील वाचकाच्या मनात या विषयाला आणखी एक बाजू असणार. लगतच्या माडबन येथे प्रत्येकी १,६५० मेगॅवॉटच्या सहा अणुभट्ट्यांचा जैतापूर प्रकल्प योजण्यात आला आणि त्याविरुद्ध या परिसरात तीव्र आंदोलन झाले. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार मृत्युमुखी पडला. मासेमारी, जमीन व सुरक्षितता हे त्या आंदोलनाचे मुख्य प्रश्न होते. किरणोत्सर्गामुळे व्यंग असलेली मुले जन्मतील काय, ही शंका अशा ठिकाणी साहजिकच पुढे येते. तिची वासलात उपहासाने लावणे योग्य नाही, कारण प्रारणाने जनुकांत उत्परिवर्तन घडते हे प्रयोगसिद्ध आहे. प्रश्न मात्रेचा व मोजदादीचा आहे. हिरोशिमा व नागासाकी येथील बाँबहल्ल्यांतून वाचलेल्यांना पुढे झालेल्या सत्तर हजारांहून अधिक अपत्यांची तपासणी जेम्स नील व विल्यम शल यांनी केली. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात जन्मजात विकृतींची निश्चित वाढ दिसली नाही. केरळच्या किनाऱ्यावर मोनॅझाइट वाळूतील थोरियममुळे नैसर्गिक प्रारण अधिक आहे. तेथे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने १९९५ पासून नवजात बालकांची नोंद ठेवली. त्यावर आधारलेला, खंडौष्ठ-खंडतालूच्या शंभराहून अधिक रुग्णांची निर्व्यंग मुलांशी तुलना करणारा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रारणाची मात्रा व व्यंग यांचा लक्षणीय संबंध आढळला नाही. याउलट राजस्थानातील रावतभाटा अणुवीज केंद्राच्या परिसरात सुरेंद्र व संघमित्रा गाडेकर यांनी १९९१ मध्ये केलेल्या पाहणीत जन्मजात विकृती अधिक असल्याचा निष्कर्ष निघाला होता. तो अणुऊर्जा क्षेत्रातील अधिकाऱ्यांनी मान्य केला नाही. दर हजारी एक एवढ्या विरळ व्यंगाच्या बाबतीत एखाद्या गावातील वर्षभराच्या जन्मांवरून काहीच ठरविता येत नाही. दोन मुले एकाच वर्षी निघाली तर धक्का बसतो, पुढे दहा वर्षे एकही निघत नाही. म्हणून असा वाद मिटवावयाचा, तर प्रकल्पापूर्वीची अनेक वर्षांची मोजदाद हाती असावी लागते, आणि ती ज्याच्यावर दोन्ही पक्षांचा विश्वास आहे अशाने केलेली असावी लागते.

सल्ला व नोंदणी : ओठाची शस्त्रक्रिया साधारणतः तीन ते सहा महिन्यांच्या वयात व टाळूची नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान केली जाते. तीनंतर वाचा, दात व कान यांकडे काही वर्षे लक्ष पुरवावे लागते. गर्भावस्थेतील ध्वनिप्रतिमेत ओठाची फट अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास बहुधा दिसते, केवळ टाळूची सहसा दिसत नाही. आनुवंशिक सल्ला देणाऱ्याला पालकांपुढे चार टक्क्यांचा आकडा ठेवताना तो उलटूनही सांगावा लागतो : पुढील मूल निर्व्यंग असण्याची शक्यता सु. ९६ टक्के आहे. मात्र खालच्या ओठावर खळगे सापडले, तर हा आकडा बाजूला ठेवावा लागतो, कारण तेथे प्रत्येक अपत्याकडे जनुक जाण्याची शक्यता निम्मी असते. चुकीच्या गटात घातलेल्या कुटुंबाला दिलेला दिलासाही चुकीचाच ठरतो. व्यंगी मुलाच्या बहिणीचे लग्न जुळताना घराण्याची चौकशी होते आणि कुटुंबे माहिती दडवितात. त्यामुळे वंशावळीची गुप्तता राखणे हे संशोधनाचे पहिले पथ्य समजले जाते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत ज्या व्यंगांचा शोध घ्यावयाचा त्यांत खंडौष्ठ व खंडतालू यांचा समावेश आहे. त्यामुळे पूर्वी शहरातील रुग्णालयापर्यंत न पोहोचणारी मुलेही नोंदीत येऊ लागली. भारतातील विविध समाजांच्या सु. दहा हजार व्यक्तींचे संपूर्ण जनुकसंच वाचणाऱ्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाची सामग्री जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली करण्यात आली. एखाद्या कुटुंबातील व्यंगी माणसांत सापडलेला बदल त्या समाजात सर्रास आढळणारा आहे की खरोखरच विरळ, हे तिच्याशी ताडून पाहता येते. त्यासाठी आजीच्या माहेरची शाखा वंशावळीत आलेली असावी लागते, आणि ती अजूनही तोंडी विचारूनच मिळते.